शिध्याचा धनी कोण?

सैन्याच्या पुरवठ्याचा विषय निघाला की आपल्याकडचा वाद लगेच दोन ठरलेल्या वाटांना लागतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने आयुध निर्माणी मंडळ बरखास्त करून त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या केल्या, तेव्हा खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव या गावांना त्याची थेट झळ लागणार असल्याने महाराष्ट्रात हा वाद चांगलाच तापला होता. अशा वादांत अमेरिकेचा दाखला हमखास निघतो. एक बाजू सांगते की अमेरिकेने प्रजासत्ताकाच्या पहिल्या दिवसापासून आपले सैन्य खाजगी मक्तेदारांवर पोसले आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, ती महासत्ता झाली. दुसरी बाजू उत्तर देते की त्याच मक्तेदारांनी पहिल्याच मोठ्या मोहिमेत सैन्य उपाशी ठेवून बुडवले. दोन्ही बाजूंच्या हातात खरी कागदपत्रे आहेत आणि दोघांचाही प्रश्न चुकलेला आहे. माझे म्हणणे असे की १७८३ ते १८१८ या पस्तीस वर्षांत अमेरिकी सैन्याची जी परवड झाली तिचे मूळ खाजगी-सरकारी या भेदात नव्हते. शिधा विकत घेणारा एक, तो वाहून नेणारा दुसरा, त्याच्यावाचून मरणारा तिसरा आणि या तिघांना जोडणारा जबाबदार माणूस कोणीच नाही, अशी रचना त्या प्रजासत्ताकाने जाणूनबुजून केली होती. स्वस्त आणि विस्कळित सैन्य म्हणजे स्वातंत्र्याची हमी, अशी त्याची समजूत होती.

१७९१ ची मोहीम जवळून पाहू. ओहायो नदीच्या उत्तरेकडील प्रदेश मियामी, शॉनी, डेलावेअर आदी मूळनिवासी राष्ट्रांचा होता आणि तो त्यांच्याकडून हिसकावून घेण्यासाठी जनरल आर्थर सेंट क्लेअर याला पाठवण्यात आले. हेतूच्या न्याय्यतेचा प्रश्न वेगळा आहे आणि त्यावर माझे मत प्रतिकूल आहे. येथे प्रश्न यंत्रणेचा आहे. कूच जुलैत व्हावयाची होती. शिध्याचा मक्ता थिओडोशियस फाउलर याने घेतला होता आणि त्याने तो विल्यम ड्यूअर याच्याकडे सोपवला होता. हा ड्यूअर १७९० पर्यंत खजिना खात्यात खजिनामंत्री हॅमिल्टनचा सहायक होता आणि आता न्यूयॉर्कमध्ये बसून सरकारी रोख्यांची सट्टेबाजी करत होता. क्वार्टरमास्टर, म्हणजे सैन्याचे सामान आणि वाहतूक पाहणारा अधिकारी, सॅम्युअल हॉजडन फिलाडेल्फियाहून निघून सिनसिनाटीजवळच्या फोर्ट वॉशिंग्टनला पोहोचला तेव्हा सप्टेंबर उजाडला होता. माल उघडून पाहिला तर काय निघाले? तंबू गळके होते. ओझ्याच्या घोड्यांसाठी आणलेली खोगिरे त्या घोड्यांच्या पाठीला मोठी पडत होती. कुऱ्हाडींचे पोलाद इतके मऊ होते की लाकडावर घाव घातला की पातेच वाकावे. जंगलातून गाड्या आणि तोफांसाठी वाट तोडत जाणाऱ्या फौजेच्या हातात अशी कुऱ्हाड असणे म्हणजे काय, याची कल्पना फिलाडेल्फियात बसून ती विकत घेणाऱ्याला येणे शक्य नव्हते. आपल्याकडे याला उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात.

यापुढचा प्रसंग मला सर्वांत बोलका वाटतो. ३१ ऑक्टोबरला केंटकीच्या मिलिशियातील, म्हणजे हंगामी नागरी फौजेतील, साठेक माणसे तळ सोडून निघून गेली. मागून पिठाची तांड्याने येणारी रसद ही उपाशी माणसे वाटेतच लुटतील अशी भीती सेंट क्लेअरला वाटली आणि त्याने आपली सर्वांत अनुभवी तुकडी, म्हणजे पहिली रेजिमेंट, पिठाच्या रक्षणासाठी मागे धाडली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे लिटल टर्टल आणि ब्लू जॅकेट यांच्या नेतृत्वाखालील योद्ध्यांनी वाबाश नदीकाठच्या तळावर हल्ला केला तेव्हा ती रेजिमेंट तेथे नव्हतीच. तळावरच्या सुमारे १,४०० माणसांपैकी सहाशेहून अधिक मारली गेली. अमेरिकी सैन्याने मूळनिवासींच्या हातून खाल्लेला हा सर्वांत मोठा पराभव. शिध्याची व्यवस्था ही लढाईच्या मागची गोष्ट असते असे मानणाऱ्यांनी या एका आज्ञेचा विचार करावा.

काँग्रेसने चौकशी समिती नेमली. अमेरिकी संसदेने केलेली ही पहिलीच अशी चौकशी, आणि वॉशिंग्टनने मंत्र्यांशी खल करून कागदपत्रे समितीपुढे ठेवली, हे त्याचे मोठेपण. मे १७९२ मधील अहवालाने सेनापतीला दोषमुक्त केले आणि ठपका मक्तेदार व क्वार्टरमास्टर यांच्या गलथानपणावर ठेवला. मग युद्धमंत्री हेन्री नॉक्स आणि हॉजडन यांनी हरकत घेतली, समिती पुन्हा बसली, दुसरा अहवाल आला आणि सभागृहाने त्यावर अंतिम निर्णयच घेतला नाही. ड्यूअर मार्च १७९२ मध्येच दिवाळखोर होऊन तुरुंगात गेला होता; पण तो कर्जासाठी गेला, सैनिकांसाठी नव्हे. सहाशे माणसे गेल्यावर प्रजासत्ताकाने केलेली सुधारणा काय होती? युद्धखात्यासाठीची सगळी खरेदी खजिना खात्याकडे देण्यात आली. ज्याला सैनिक कोठे आहे हे ठाऊक होते त्याच्या हातून खरेदी काढून, ज्याला फक्त दर ठाऊक होता त्याच्या हाती ती देण्यात आली.

आता विरुद्ध बाजूचे जे खरोखर वजनदार मुद्दे आहेत ते मी टाळणार नाही. पहिला मुद्दा कायमच्या सैन्याच्या भीतीचा, आणि ती भीती पोकळ नव्हती. हे प्रजासत्ताक उभारणाऱ्या माणसांनी इंग्लंडच्या इतिहासात क्रॉमवेलचे सैन्य पार्लमेंटच्या उरावर बसलेले वाचले होते आणि बॉस्टनच्या रस्त्यांवर राजाची लाल डगलेवाली फौज डोळ्यांनी पाहिली होती. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्गच्या छावणीत थकलेल्या पगारावरून अधिकाऱ्यांत बंडाची भाषा सुरू झाली होती. त्याच वर्षी जूनमध्ये पगारासाठी चिडलेल्या शिपायांनी फिलाडेल्फियात काँग्रेस बसत असलेल्या इमारतीलाच गराडा घातला आणि काँग्रेसला शहर सोडावे लागले. पुढच्या वर्षी काँग्रेसने सैन्य जवळजवळ मोडीत काढून वेस्ट पॉइंटला ५५ आणि फोर्ट पिटला २५ अशी अवघी ८० माणसे भांडाराच्या राखणीला ठेवली, यात मला मूर्खपणा दिसत नाही. राज्यघटनेने सैन्यासाठीच्या पैशाची मंजुरी दोन वर्षांहून अधिक काळासाठी देण्यास मनाई केली, तीही शहाणपणाची होती.

दुसरा मुद्दा असा की सरकारी व्यवस्था आधीच करून पाहिली होती आणि ती हरली होती. स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या फौजेने व्हॅली फोर्जच्या छावणीत काढलेल्या हिवाळ्यात रसद खाते काँग्रेसच्याच हाताखाली होते. डिसेंबर १७७७ मध्ये वॉशिंग्टनने लिहिले की अनवाणी आणि उघडी असल्यामुळे कामास निरुपयोगी ठरलेली माणसे २,८९८ आहेत. पुढे नॅथानियल ग्रीन क्वार्टरमास्टर जनरल झाला तो खर्चावर दलाली घेण्याच्या बोलीवर. तो आणि त्याचे दोन सहायक मिळून खर्चाच्या एक टक्का वाटून घेत. जितका खर्च जास्त तितकी दलाली जास्त. शिवाय रसद खात्याचा प्रमुख वॉड्सवर्थ याच्याबरोबर त्याची एका व्यापारी पेढीत गुप्त भागीदारी होती. म्हणून १७८१ नंतर काँग्रेसचा अर्थकारभारी रॉबर्ट मॉरिस याने ठरलेल्या दराने शिधा पुरवण्याचे मक्ते आणले, तेव्हा त्यामागे रोकडा हिशेब होता: खर्च आधी कळतो, चढउताराची जोखीम व्यापाऱ्यावर जाते आणि दलालीचे कुरण बंद होते. हे सर्व मान्य.

पण व्हॅली फोर्जचा दाखला नीट वाचला तर तो उलटच सांगतो. तेथे उपासमार झाली ती सरकारी खाते होते म्हणून, की १७७७ च्या उन्हाळ्यात, ऐन मोहिमेच्या तोंडावर, काँग्रेसने त्या खात्याचे खरेदी आणि वाटप असे दोन तुकडे केले, प्रमुखाला आपले हस्तक स्वतः नेमण्याची मुभा ठेवली नाही आणि कामात मुरलेला प्रमुख जोसेफ ट्रम्बल राजीनामा देऊन गेला म्हणून? त्या वेळी पेनसिल्व्हेनियाच्या शेतांत धान्य नव्हते असे नाही. ते छावणीपर्यंत आणायला गाड्या आणि गाडीवान नव्हते. मार्च १७७८ मध्ये ग्रीन आला आणि काही महिन्यांत वाटा, गाड्या, वैरणीची कोठारे उभी राहिली. ग्रीनची दलाली नैतिकदृष्ट्या मला खुपते, पण तो स्वतः रणांगणावरचा सेनापती होता. इतिहासात क्वार्टरमास्टरचे नाव कोणी ऐकत नाही, अशी तक्रार करत का होईना, त्याने ते काम एकहाती घेतले आणि बरे-वाईट आपल्या अंगावर घेतले. म्हणजे दोन्ही काळांत सरकार तेच होते आणि पैशाची टंचाईही तीच होती; जबाबदारीची घडी मात्र बदलली होती.

मक्त्याच्या पद्धतीतला दोष मक्तेदाराच्या चारित्र्यात शोधणे हेही मला सोपे उत्तर वाटते. १७९० च्या कायद्याने एका शिपायाचा रोजचा शिधा ठरवला होता: एक पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचे मांस, एक पौंड पाव किंवा पीठ, थोडी दारू, शिवाय दर शंभर शिध्यांमागे मीठ, व्हिनेगर, साबण आणि मेणबत्त्या. मक्तेदाराला या एका शिध्याचा ठरीव दर मिळे. छावणी नदीकाठी स्थिर असेल तर हा व्यवहार उत्तम चालतो, आणि शांततेच्या काळात तो चाललाही. पण फौज जंगलात शिरली की प्रत्येक मैलागणिक वाहतुकीचा खर्च वाढतो आणि नफा घटतो. मग प्रामाणिक मक्तेदाराचेही हित कशात उरते? फौजेने हलू नये यात. करारात तोड अशी होती की माल आला नाही तर सेनापतीने मक्तेदाराच्या खर्चाने तो दुसरीकडून विकत घ्यावा. वाबाशच्या अरण्यात नोव्हेंबर महिन्यात तो कोणाकडून घ्यायचा?

येथे एक समांतर उदाहरण आपल्या घरचे आहे. यॉर्कटाऊनला १७८१ मध्ये वॉशिंग्टनपुढे शस्त्रे ठेवणारा लॉर्ड कॉर्नवॉलिस दहा वर्षांनी, सेंट क्लेअरच्याच वर्षी, टिपूविरुद्ध श्रीरंगपट्टणावर चालून गेला. मे १७९१ मध्ये लढाई जिंकूनही त्याला मागे फिरावे लागले, कारण बैल मेले होते आणि धान्य संपले होते. वेढ्याच्या अवजड तोफा त्याने स्वतःच निकामी करून टाकल्या. त्या परतीच्या वाटेवर त्याला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या आणि त्यांच्या लष्करी बाजारात, चढ्या भावाने का होईना, त्याच्या उपाशी फौजेला धान्य मिळाले. आता हा बाजार खाजगीच होता: वाणी, सराफ, लमाणांचे तांडे. खाजगीकरणवाले म्हणतील, हेच तर आम्ही सांगतो. पण फरक पाहा. तो व्यापारी फौजेबरोबर चालत होता. त्याचा नफा शिपाई जेथे जेवत होता त्याच जागी होता, त्याचे बैल त्याच वाटेने जात होते आणि त्याच्या संरक्षणाची हमी सरदाराने घेतलेली असे. ड्यूअरचा नफा न्यूयॉर्कमध्ये करारावर सही होऊन सरकारी उचल हाती पडताच सुरू होत होता. दोघेही व्यापारीच, तरी एकाचे धान्य फौजेपर्यंत आले आणि दुसऱ्याचे आले नाही. कॉर्नवॉलिसने धडा घेतला, लमाणांना हाताशी धरून धान्याची साखळी बांधली आणि फेब्रुवारी १७९२ मध्ये तो पुन्हा श्रीरंगपट्टणापुढे उभा राहिला.

सेंट क्लेअरनंतर त्याच प्रदेशात पाठवलेला सेनापती अँथनी वेन याच्या दाखल्यावरून निघणारा आक्षेप मात्र खरोखर अवघड आहे. त्याच मक्तेपद्धतीवर वेनने १७९४ मध्ये फॉलन टिंबर्सची लढाई जिंकली. मग पद्धत वाईट कशी? उत्तर त्याच्या वेळापत्रकात आहे. वेनने दोन वर्षे घेतली. त्याने गढ्यांची साखळी बांधली, त्यातली एक सेंट क्लेअरच्या पराभवाच्याच जागी, आणि पुढच्या गढीत धान्य साठल्याशिवाय पाऊल उचलायचे नाही असा हट्ट धरून एलियट आणि विल्यम्स या मक्तेदारांशी सतत भांडण केले. म्हणजे रसद खात्याचे काम सेनापतीनेच अंगावर घेतले. आणि हेही नोंदवले पाहिजे की रॉबर्ट एलियट हा मक्तेदार ऑक्टोबर १७९४ मध्ये त्याच रसदीच्या वाटेवर दबा धरलेल्या योद्ध्यांकडून मारला गेला. या माणसाला चोर मक्तेदारांच्या रांगेत बसवताना हात आखडला पाहिजे. वेनने नंतर मॉमी नदीकाठची मूळनिवासींची मक्याची शेते जाळली, इतकी विस्तीर्ण की त्याने स्वतःच त्यांचे नवल लिहून ठेवले आहे. पुरवठ्याचे महत्त्व त्याला दोन्ही अंगांनी कळले होते, आणि त्याची किंमत त्या शेतांच्या बायकामुलांनी मोजली.

पण एका सेनापतीचा हट्ट ही व्यवस्था नसते. १८०२ मध्ये जेफरसनच्या काळात क्वार्टरमास्टर खातेच रद्द झाले आणि त्याच्या जागी संबंध देशासाठी तीन लष्करी अभिकर्ते नेमले गेले. १८०९ मध्ये न्यू ऑर्लिअन्सजवळच्या तेर ओ बफ या दलदलीतल्या छावणीत जनरल विल्किन्सनच्या सुमारे दोन हजार माणसांना मक्तेदाराचे सडके पीठ आणि काटकसरीने नाकारलेली औषधे मिळाली. पुढच्या काही महिन्यांत रोगाने आणि पलायनाने ती फौज जवळजवळ अर्धी झाली. पुन्हा चौकशी, पुन्हा अहवाल. क्वार्टरमास्टर खाते परत स्थापन झाले ते मार्च १८१२ च्या अखेरीस, आणि ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले गेले १८ जूनला. मधे तीन महिनेही नाहीत.

त्या १८ जूनचे एक पत्र आहे. डेट्रॉइटकडे निघालेल्या जनरल विल्यम हल याला युद्धमंत्री युस्टिसने त्या दिवशी दोन पत्रे लिहिली. ज्यात युद्धाचा उल्लेख नव्हता ते खास जासुदाबरोबर गेले आणि आधी पोहोचले. ज्यात युद्ध पुकारल्याची बातमी होती ते साध्या टपालाने गेले आणि हलच्या हाती २ जुलैला पडले. तोवर ब्रिटिशांना बातमी कळली होती आणि हलने बेसावधपणे जलमार्गाने पुढे धाडलेले जहाज, त्यावरचे सामान, औषधे आणि त्याचे स्वतःचे कागद त्यांच्या हाती लागले होते. पुढे डेट्रॉइटला येणारी रसद रेझिन नदीवर अडकून पडली आणि १६ ऑगस्टला हलने शहर शत्रूच्या हवाली केले. त्याच्यावर भ्याडपणाचा खटला चालला. त्याची भीती मी नाकारत नाही. पण हाताशी डझनभर कारकून घेऊन मंत्र्यानेच खोगिरांपासून युद्धघोषणेपर्यंत सर्व पाहायचे, अशा कचेरीवर खटला कोणी चालवला?

स्वातंत्र्याच्या भीतीचे उत्तर येथेच आहे, असे मला वाटते. लष्कराला मुलकी सत्तेच्या धाकात ठेवायचे तर हिशेब हवा, आणि हिशेब ठेवायला खाते हवे. खातेच नसेल तर संसदेने प्रश्न विचारायचा कोणाला? १७९२ च्या समितीने कागद मागितले तेव्हा एक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकला, कारण कायद्याने प्रत्येकाला अर्धेच काम दिले होते. पोटभर जेवलेले सैन्य उलथापालथ करील अशी धास्ती होती. प्रत्यक्षात न्यूबर्ग आणि फिलाडेल्फिया येथे धमक्या दिल्या त्या पगार थकलेल्या सैन्याने.

ही गोष्ट कायद्यात उतरवली जॉन कॅल्हूनने. गुलामगिरीचा कैवारी म्हणून त्याचे पुढचे आयुष्य मला तिरस्करणीय वाटते, तरी युद्धमंत्री म्हणून त्याने केलेले हे काम पक्के होते. १८१८ च्या आरंभी फ्लोरिडाच्या सीमेवर अँड्र्यू जॅक्सनच्या फौजेला मक्तेदाराने पुन्हा तोंडघशी पाडले, आणि त्याच वर्षी १४ एप्रिलच्या कायद्याने स्वतंत्र शिधा खाते उभे राहिले; जॉर्ज गिब्सन त्याचा प्रमुख झाला, तर थॉमस जेसप क्वार्टरमास्टर जनरल झाला आणि मरेपर्यंत, म्हणजे १८६० पर्यंत, त्या पदावर राहिला. नव्या पद्धतीत व्यापारी हद्दपार झाला नाही. जाहीर निविदा काढून माल त्याच्याकडूनच घ्यायचा, पण तो ठरलेल्या कोठारात तपासूनच स्वीकारायचा, आणि तेथून पुढचा प्रत्येक मैल सरकारचा. कोठारावर नेमलेला तरुण लष्करी अधिकारी जामीन लिहून देई. दर माणशी वार्षिक खर्च ४५१ डॉलरवरून २८७ वर आणल्याचा दावा कॅल्हूनने केला. १८१९ च्या मंदीत भाव कोसळले होते हे त्यातून वजा करावे लागेल, तरी खर्च वाढला नाही एवढे खरे.

नवे खाते आले आणि उपासमार संपली, असे सांगून मी वाचकाची फसवणूक करणार नाही. १८१९ मध्ये मिसुरी नदीवरून यलोस्टोनकडे निघालेल्या मोहिमेच्या वाहतुकीचा ठेका जेम्स जॉन्सन या राजकीय वजन असलेल्या माणसाला मिळाला, त्याला मोठी उचल दिली गेली आणि त्याच्या आगबोटी त्या गढूळ नदीत चालल्याच नाहीत. कौन्सिल ब्लफ्सच्या छावणीत त्या हिवाळ्यात ताज्या भाज्या-फळांच्या अभावी होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाने दीडशेहून अधिक शिपाई मेले. जेथे माल हाती येण्याआधी पैसा गेला, तेथे ड्यूअरचीच कहाणी पुन्हा घडली. त्यानंतर त्याच जागेजवळ उभ्या राहिलेल्या फोर्ट ॲटकिन्सनमध्ये शिपायांनी मका, भाज्या आणि गुरे यांचा एवढा पसारा वाढवला की १८२६ मध्ये तपासणीस आलेला कर्नल जॉर्ज क्रोगन वैतागला. येथली खळी आणि गुरे एखाद्या कसलेल्या शेतकऱ्याला शोभतील, पण यात शिपायाचा किंवा सरकारचा फायदा काय, असे त्याने आपल्या अहवालात विचारले. त्याची तक्रार रास्त होती आणि आता ती कोणाच्या नावाने लिहायची हे त्याला ठाऊक होते.